रग्बी बघायला सुरुवात कुठून करावी: सेव्हन्स, वर्ल्ड कप की सिक्स नेशन्स?

रग्बी बघायची इच्छा आहे पण काही कळत नाही, असं म्हटलं की बहुतेक जण सांगतात, आधी सेव्हन्स बघा. सल्ला चुकीचा नाही. सात-सात खेळाडू आणि सात मिनिटांचे दोन हाफ, पण मैदान मात्र पंधरा जणांचं, पूर्ण आकाराचं. एक टॅकल, म्हणजे पळणाऱ्याला पकडून पाडणं, हुकला की पळणारा थेट टोकापर्यंत सुटतो. हाताने चेंडू पुढे टाकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा, हे दोन सामन्यांत डोळ्यांत बसतं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात फिजीने ब्रिटनला ४३-७ असं हरवलं. देशाचं ते पहिलंच ऑलिम्पिक पदक. घरात लहान मुलं असतील तर त्यांना सोबत घेऊन हेच बघा.

पण रग्बीची खरी गोडी लागायला हवी असेल, तर पंधरा जणांच्या खेळापासूनच सुरुवात करा, असं मला मनापासून वाटतं. आठ विरुद्ध आठ असे खांदे भिडवून स्क्रममध्ये रेटतात, आणि ८० मिनिटांत कुणाचे पाय कधी जड झाले ते आपल्याला दिसतं. सेव्हन्समध्ये हे जवळजवळ नाहीच.

मग कोणती स्पर्धा? वर्ल्ड कपचं नाव मोठं, पण तो चार वर्षांतून एकदा, आणि गटातले काही सामने अगदीच एकतर्फी. २०२३ मध्ये फ्रान्सने नामिबियाला ९६-० हरवलं. त्यातून नवख्याच्या हाती काय लागणार? बाद फेरी मात्र चुकवू नका. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडविरुद्ध १२-११ असा जिंकला, तोही एकही ट्राय न करता, म्हणजे समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू एकदाही जमिनीला न टेकवता. कबड्डी बघणाऱ्याला टॅकलमधली पकड लगेच कळते. इथे ती खांद्याच्या खालीच हवी. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला धडक बसली म्हणून न्यूझीलंडच्या कर्णधाराला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सगळा वेळ ते चौदा जणांत खेळले. पुढचा वर्ल्ड कप २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे, म्हणजे तिथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे दुपारी.

न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिना यांची रग्बी चॅम्पियनशिप दर्जाने उत्तमच. शिवाय हाका, म्हणजे सामन्याआधीचं न्यूझीलंडचं पारंपरिक नृत्य, बघायला मिळतो. पण खेळ इतका वेगवान की पहिल्यांदा बघताना धागा सुटतो.

माझी पसंती सिक्स नेशन्सला. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली; फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येकाचे पाच सामने. एक संघ धरा आणि त्याचे पाचही सामने बघा. तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात, तिसऱ्या सामन्यापर्यंत नावं पाठ होतात. बरेच सामने शनिवारी संध्याकाळी पावणेआठ किंवा रात्री सव्वादहाच्या सुमारास, त्यामुळे झोपमोड नाही.

एकच सामना निवडायचा तर इंग्लंड-स्कॉटलंड. १८७९ पासून त्यांच्यात कलकत्ता कप खेळला जातो. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून तो घडवला. मुठी नागाच्या आणि झाकणावर हत्ती. २०२५ मध्ये स्कॉटलंडने तीन ट्राय केले, इंग्लंडने एकच, तरी इंग्लंड १६-१५ जिंकलं. हे कसं, ते समजलं की निम्मी रग्बी समजली. ट्रायचे पाच गुण, त्यानंतर खांबांमधून मारलेल्या किकचे दोन, पेनल्टी किकचे तीन. आणि ट्रायनंतरची किक चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतच मागे येऊन मारायची. ट्राय कोपऱ्यात झाला तर कोनही तेवढाच अवघड. स्कॉटलंडच्या तिन्ही किक हुकल्या. शेवटची तर अगदी अखेरच्या क्षणी, कडेवरून, आणि ती बसली असती तर कप त्यांचा होता. म्हणूनच ट्राय होतोय हे दिसत असतानाही खेळाडू खांबांच्या दिशेने आत वळायला बघतो.

आणि आवाज बंद करून बघू नका. रेफरीच्या अंगावर माइक असतो, तो खेळाडूंशी बोलतो ते सगळं आपल्याला ऐकू येतं. ‘रोल अवे’ म्हणजे टॅकल करणाऱ्याने बाजूला व्हायचं, ‘यूझ इट’ म्हणजे पाच सेकंदांत चेंडू बाहेर काढा. पहिल्या सामन्यात एवढे दोनच शब्द कानावर ठेवा.