ट्रेकिंगचे बूट घेताय? वॉटरप्रूफ राहू द्या, आधी सोल बघा

मुंबईत ट्रेकिंगचे बूट घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'वॉटरप्रूफ आहेत का?' सह्याद्रीसाठी हा प्रश्नच चुकीचा. वॉटरप्रूफ बुटात कापडाच्या आतून एक पातळ पापुद्रा असतो. तो बाहेरचं पाणी अडवतो, हे खरं. पण जुलैत भीमाशंकरच्या शिडी घाटात पाणी कापडातून झिरपत नाही, घोट्यावरून थेट आत ओततं. मग तोच पापुद्रा ते बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पाय आतल्या डबक्यात, कातडी पांढरी पडून सुरकुतलेली आणि संध्याकाळपर्यंत टाचेला फोड. एप्रिलमध्ये हेच काम घाम करतो. हिमालयात बर्फातून चालायचं असेल तर पापुद्रा हवाच. इथे मात्र पाणी निथळून जाईल असा जाळीदार बूट बरा, तोही जास्त पैसे न मोजता.

वाचलेले पैसे सोलवर घाला. ओल्या कातळावर पकड मिळते ती रबराच्या मऊपणामुळे. खोल नक्षी उपयोगी पडते घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, आणि चिखलात. ती साधारण 4 ते 5 मिलिमीटर खोल असावी आणि खाचा रुंद असाव्यात, नाहीतर चिखल अडकून सोल सपाट होतो. दुकानात सोलवर नख दाबून बघा. खळगा पडून भरून आला तर रबर ठीक. नख नुसतं सरकलं, वर सोल चकाकतोय, तर तो प्लॅस्टिकचा भाऊ समजा. मऊ रबर लवकर झिजतं, पण कातळटप्प्यावर उभं राहायचं तर एवढी किंमत द्यावीच लागते. शेवाळावर मात्र कुठलंच रबर टिकत नाही, विक्रेता काहीही सांगो.

ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज इतकी वर्षं सह्याद्रीत दिसतात ते या पकडीमुळे आणि खिशाला परवडतात म्हणून. एका दिवसाच्या किल्ल्याला तेवढं पुरे. कॅनव्हासचे हंटर बूटही हलके, पण टाचेखाली गादी जवळपास नाहीच. रतनगड ते हरिश्चंद्रगड असा पाठीवर दहा-बारा किलो घेऊन दोन-तीन दिवसांचा पल्ला असेल तर सोल थोडा कडक हवा. टाच आणि चवडा दोन हातांत धरून बूट पिळा, फडक्यासारखा पिळला गेला तर ठेवून द्या. वाकवलात तर चवड्याशी वाकावा, मधोमध नाही. मधोमध वाकणाऱ्या बुटाने कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढताना प्रत्येक पायरी तळव्यात रुतते. डेकॅथलॉनमध्ये त्यांच्याच क्वेचुआ ब्रँडच्या बुटांवर एनएच म्हणजे साध्या पायवाटेचे आणि एमएच म्हणजे डोंगरातले. बहुदिवसीय ट्रेकचं सामान पूर्वी फोरक्लाझ नावाखाली असायचं. पाटी वाचूनच रांग धरा, रंग बघून नको.

माप घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय फुगलेले असतात. ट्रेकला घालणार तेच जाड मोजे घाला. नाड्या न बांधता पाय पुढे रेटा. टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. मग नाड्या आवळून दुकानातल्या उतारावर किंवा जिन्यावरून खाली उतरा. अंगठा पुढे टेकला की ते माप बाद, कारण काळी नखं चढताना होत नाहीत, उतरताना होतात. आपल्याकडे चवडे रुंद. करंगळी दबत असेल तर एक नंबर मोठा घेऊन भागत नाही, कारण मग टाच सुटते. त्यापेक्षा दुसरं मॉडेल बघा. इनसोल, म्हणजे बुटातली सुटी गादी, काढून त्यावर उभं राहिलात तर हे लगेच कळतं. घेतलेले बूट दोन-तीन आठवडे ऑफिसला घाला. कसाऱ्याच्या पहिल्या लोकलमध्ये कोरे बूट घालून बसणाऱ्याला संध्याकाळी लंगडतच उतरावं लागतं.

आता मुंबईचा खास रोग: सोल निघणं. पायाखालचा गादीचा थर पॉलियुरेथेन या फोमचा असेल तर दमट हवेने तो आतून कुजतो आणि चुरा होतो. न वापरता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेले बूट आधी जातात. म्हणून सेलमधला जुना स्टॉक घेताना या थराच्या कडेला अंगठ्याने दाबा. बारीक चिरा किंवा भुसभुशीतपणा दिसला तर फुकटही नको. ईव्हीए या दुसऱ्या फोमचा थर असा कुजत नाही, पण दाबून बसतो. चिकटवलेला जोड मात्र दोन्हीत सुटू शकतो, बहुधा पुढच्या टोकापासून.

लांब ट्रेकआधी स्टेशनबाहेरच्या गटई स्टॉलवर सोल कडेने शिवून घ्या, पण थर धड असेल तरच. भुसभुशीत थरात दोरा धरत नाही. वॉटरप्रूफ बूट शिवला की सुईच्या भोकांतून पाणी येणार, हे धरूनच चाला. फेव्हिक्विक लावू नका. ते वाळून ठिसूळ होतं आणि चवडा वाकला की तडकतं. गटईवाल्याकडचं रबराचं सोल्युशन लवचीक राहतं. ते दोन्ही बाजूंना लावून थोडं सुकू द्या, मग दाबून बांधून रात्रभर ठेवा. वाटेतच सोल सुटला तर जाड नाडी चवड्याखालून घेऊन वर बांधा. सॅकमध्ये चार-पाच केबल टाय असले तर आणखी बरं, फक्त त्यांचं टोक वरच्या बाजूला ठेवा, तळाला आलं तर कातळावर घसरतं.