सोसायटीतले रेबीज लसीकरण शिबिर: घरच्यांसाठी चोख, गेटबाहेरच्यांसाठी अर्धवट

२८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन जवळ आला की बाणेर, वाकड, कोथरूडच्या सोसायट्यांत घरपोच लसीकरण करणाऱ्या पथकांची पत्रके फिरू लागतात. पशुवैद्य, एक मदतनीस, पार्किंगमध्ये टेबल. पाळीव प्राण्यांपुरती ही सेवा जरूर घ्यावी. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारेही खाली उतरतात.

मात्र कमिटीने भावाची घासाघीस करण्याआधी बर्फपेटी उघडून बघावी. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. आत तापमापक हवा आणि कुपी बर्फाच्या पॅकला थेट टेकलेली नको. ही लस मृत विषाणूची, गोठली की बिघडते. वितळल्यावर दिसायला ठीक दिसली तरी ती टाकूनच द्यायची. दहा मात्रांची कुपी स्वस्त पडते, पण उघडलेली कुपी पुढच्या रविवारसाठी ठेवणारे पथक नकोच.

मात्रा साधारण १ मिली. लहानखुऱ्या पगलाही तेवढीच आणि ग्रेट डेनलाही. ‘छोटा आहे, अर्धी द्या’ हा आग्रह धरू नये. पहिली लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, पुढे दरवर्षी. प्रत्येक प्राण्याला नवी सुई, नवी सिरिंज. टोचल्यावर अर्धा तास खालीच थांबावे. तोंड सुजणे, उलट्या असे काही झाले तर ते बहुधा याच वेळात होते. पथकाकडे ॲड्रेनॅलिन (तीव्र ॲलर्जीवरचे तातडीचे इंजेक्शन) नसेल तर शिबिर सुरूच करू नये. पुस्तिकेत बॅच क्रमांकाचे स्टिकर आणि पशुवैद्याचा नोंदणी क्रमांक हवा. महापालिकेच्या श्वान परवान्याला लसीचा दाखला लागतो.

खरी गोची भटक्या कुत्र्यांची. पथक दहाला येते, तोवर कुत्री गाड्यांखाली पांगलेली. एकावर जाळे टाकले की बाकीची दिवसभर हाताला लागत नाहीत. त्यांना रोज खाऊ घालणाऱ्यांना बरोबर घेऊन, खाण्याच्या वेळीच, आधी हाताने धरता येणारी उरकावीत. जाळे सर्वांत शेवटी. परिसरातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तरच रेबीज पसरण्याची साखळी तुटते. ‘कान कापलाय, म्हणजे झालंय’ हे वॉचमनचे म्हणणे अर्धेच खरे: कापलेला कान ही नसबंदीची खूण, आणि नसबंदीच्या वेळी लस दिलेली असते, पण वर्ष उलटले की पुन्हा द्यावी लागते. लस दिल्याची खूण म्हणून लावलेला रंगाचा ठिपका पुसला जातो, त्यामुळे फोटोंची यादी मागून घ्यावी.

पत्रकावर ‘माणसांचे संरक्षण’ असते, पण चावा घेतल्यावर काय करायचे याचा कागद क्वचितच मिळतो. तो कमिटीने वॉचमनच्या केबिनमध्ये लावावा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे) लागते. कातडीत टोचायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे, पण त्यासाठी लस थांबवायची नाही.

कुत्री धरणाऱ्या मदतनिसाने स्वतः आधीच लस घेतली आहे का, हेही विचारावे. नसेल तर ते पथक पार्किंगमधल्या पाळीव प्राण्यांपुरतेच बोलवा.