काळीतलं घर की पांढरीतलं?

सव्वीस वर्षांत अकरा घरं झाली आमची. यांच्या बदल्या सिरोंच्यापासून चिखलदऱ्यापर्यंत, आणि दर खेपेला मसाल्याचे डबे पेपरात गुंडाळायचं काम माझं. किराणा दुकानातून आणलेली खोकी मी कधी फेकली नाहीत. पुढच्या बदलीला कामी पडतात. निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा वर्धा जिल्ह्यातच दोन वाटा समोर होत्या. सासरचं गावठाणातलं मातीचं, कवेलूचं म्हणजे कौलारू घर नीट करायचं, नाहीतर तालुक्याला लेआउटमध्ये प्लॉट घेऊन स्लॅबचं बांधायचं. तुम्हीही याच फाट्यावर उभे असाल तर आधी माती बघा, खोल्या मागाहून.

शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात ते उगाच नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंतींनाही भेगा जातात. जुन्या लोकांनी वस्ती पांढरीवर बसवली; आताचे लेआउट मात्र बहुतेक कालपरवाच्या कपाशीच्या वावरात पडलेले. तिथे बांधायचंच तर पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्या आणि जोत्यात तीच काळी माती भरू देऊ नका. "इतकं कशाला, वहिनी?" असं कंत्राटदार म्हणणारच. हा पैसा जमिनीखाली जातो, पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून सगळे त्यातच काटकसर करतात.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपुढे जातो तेव्हा दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीआड दुपार निभते. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती आग खाली सोडतो. गच्चीला चुना मारला तर थोडा आराम. कोरड्या हवेत कूलर दोन्हीकडे चालतो, पण लाइन गेल्यावर कोणतं घर बरं हे सांगायला नको.

पण मातीच्या घराचं कौतुक करणाऱ्यांनी कधी कवेलू फेरलेले नसतात. पावसाळ्याआधी दरवर्षी ते उतरवून पुन्हा रचावे लागतात, आणि ते करणारा माणूस आता शोधावा लागतो. रचून झाले की वांदरांची टोळी येते आणि एका उडीत वीस-पंचवीस फोडते. मयालीला (छपराच्या लाकडी तुळईला) उधई, म्हणजे वाळवी, लागते ती वेगळीच. सेवाग्रामची बापूकुटी माती-बांबूचीच आणि १९३०च्या दशकातली, आजही उभी आहे. पण तिची निगा राखायला माणसं आहेत. तुमच्या घरी कोण आहे, ते बघा.

कागदांचा घोळ दोन्हीकडे, फक्त जात वेगळी. गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाती असतो, पण तो कराचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक देतात. तुमच्या गावाचं निघालं का ते विचारा. घर वडिलोपार्जित असेल तर भाऊ-बहिणींचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, आणि तेही भिंतीवर पैसा घालण्याआधी. आमच्याकडे नणंदबाईंनी हसतमुखाने सही केली. सगळीकडे असं होत नाही. प्लॉटच्या बाबतीत अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि सातबारा बघा. नुसत्या स्टँपपेपरच्या नोटरीवर शेताचा तुकडा घेऊ नका.

पाणी आणि दवाखाना यात तालुका पुढे, वाद नाही. गुडघे दुखत असतील, महिन्याला तपासणी असेल तर मी मातीच्या घराचं नावही काढणार नाही. माणसांचं मात्र उलटं. लेआउटमध्ये शेजारीही बदलीवाले, कोणी कोणाला काही विचारत नाही. गावात चुलतसासूबाई पहिल्याच सकाळी सपरीत (ओसरीत) येऊन बसल्या, "आता तरी पेट्या उघडशीन का वो?" मला ते आवडलं; तुम्हाला जाच वाटू शकतो.

आम्ही पांढरीतलं घर धरलं. सगळं पाडलं नाही. आधी संडास-न्हाणी पक्की केली, कवेलू बदलले आणि एक मे, एक जुलै तसंच राहून बघितलं. मगच उरलेला पैसा काढला. भाड्याची खोली घेऊन का होईना, हे दोन महिने काढल्याशिवाय प्लॉटचाही इसार देऊ नका.

खोकी मात्र मी माळ्यावर जपून ठेवली होती. परवा काढली तर खालच्या दोघांना उधई लागलेली. सगळीच चुलीत घातली.