बेचाळीसच्या मंडळींची पाटी: पितळेची की ग्रॅनाइटची?

पेठेतला वाडा पडून सोसायटी उभी राहिली की मीटिंगमध्ये हा विषय निघतोच: बेचाळीसच्या चले जाव चळवळीत जे इथे भूमिगत राहिले होते, त्यांची पाटी लावू या. पाट्या लिहिण्यात पुण्याचा हात कोणी धरणार नाही, पण ही पाटी टिकायला हवी.

पितळ भारदस्त दिसतं, पत्रा पातळ म्हणून हलकं पडतं, चार स्क्रूंवर बसतं. नाव चुकलं तर पाटी नवी करता येते. घासण्यालाही अर्थ आहे. जर्मन कलाकार गुंटर डेम्निग यांनी १९९२पासून जर्मनीत नाझींच्या बळींच्या घरांपुढे फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवले. रहिवासी ते घासून लख्ख करतात. एवढी हौस तुमच्याकडे असेल तर पितळ घ्या, मी वाद घालणार नाही.

आपल्याकडे मात्र घासतो वॉचमन, चौदा ऑगस्टला, ब्रासोनं. अ‍ॅसिडनं खोदलेलं अक्षर अर्धा मिलिमीटरही खोल नसतं. आधी खाचेतला काळा रंग निघतो, मग तिथे पांढरी पूड बसते, पुढे टिंबं झिजतात. ‘शिंदे’चे ‘शिदे’ होतात. लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलं तर कडेनं पाणी शिरून डाग पडतात, आणि ते काढायला लॅकरच खरवडावं लागतं. माझं मन पितळेवरून उडालं ते एवढ्यासाठीच.

काळ्या ग्रॅनाइटला फडकं पुरतं. सँडब्लास्टिंगची, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं खोदलेली, अक्षरं न रंगवताही राखाडी-पांढरी उठून दिसतात; सोनेरी रंगाचा आग्रह धरू नका, उन्हापावसात तोच आधी उडतो. खरा धोका स्टेन्सिलचा, म्हणजे फरशीवर चिकटवायच्या अक्षरं कापलेल्या साच्याचा. अक्षर बारीक असेल तर ‘व’, ‘ब’ यांच्या पोटातला तुकडा वाळूच्या माऱ्यात उडतो. अक्षराची उंची पाऊण इंचाच्या खाली जाऊ नये. ‘स्वातंत्र्य’मधला त्र्य दुकानातल्या फॉन्टमध्ये तुटतो, म्हणून मजकूर तिथे टाइप करू न देता पीडीएफ द्या आणि फरशीवर चिकटवलेलं स्टेन्सिल दोघांनी वाचा. दगडावर खाडाखोड नाही.

वजनही धरा: दोन बाय तीन फुटांची वीस मिलिमीटर फरशी तीस किलोच्या आसपास भरते. नुसत्या प्लास्टरवर चिकटवली तर प्लास्टरसकट खाली येते. प्लास्टर खरवडून विटेवर घ्या, शिवाय स्टेनलेस स्टीलचे स्टड मारा.

एकसंध फरशीही करू नका. बेचाळीसला पुण्याच्या काँग्रेस भवनात गोळी लागलेल्या नारायण दाभाडेंचं नाव सगळ्यांना माहीत असतं. भाकरी पोचवणाऱ्या, पत्रकं लपवणाऱ्या बायकांचं नसतं. स्वातंत्र्यसैनिकांच्या १९७२च्या केंद्रीय पेन्शन योजनेत तुरुंगवासाची ढोबळ अट सहा महिन्यांची होती. ज्यांना अटकच झाली नाही त्यांचा कागद कुठून मिळणार? अशी नावं उद्घाटनानंतरच कळतात. म्हणून मथळ्याची फरशी वेगळी, आणि प्रत्येक नावाला बारा बाय तीन इंचांची पट्टी. त्याच फरशीतून पाच-सहा कोऱ्या पट्ट्या कापून सोसायटीच्या कपाटात ठेवा, कारण पुढच्या लॉटचा काळा जुळेलच असं नाही.