असईच्या लढाईसाठी चिलीम, हुक्का आणि मातीचा पाइप

१८०३ सालचा गोरा शिपाई उभा करायचा आणि त्याच्या हातात चकचकीत लाकडी पाइप द्यायचा, हे आता तरी थांबवा. ब्रायर लाकडाचे पाइप फ्रान्समध्ये रुळले ते या लढाईनंतर काही दशकांनी. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने शिंद्यांविरुद्ध जे ७४ व्या आणि ७८ व्या पलटणीचे स्कॉटिश शिपाई लढले, त्यांच्या काळातला साधा, स्वस्त पाइप म्हणजे पांढऱ्या भाजक्या मातीचा. आम्ही जालन्यात या लढाईचा मैदानी प्रयोग करतो आणि सगळी प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात वापरायच्या वस्तू, माझ्याकडे असते, म्हणून हे कुठे काय मिळालं ते लिहितेय.

ऑनलाइनचं आधी उरकते. ‘अँटिक’ म्हणून जे दाखवतात ते गुप्तहेराच्या सिनेमातलं वाकडं लाकूड. आमच्याकडे आलं ते लाकूडही नव्हतं, रेझिनवर तपकिरी रंग. परत पाठवलं. परदेशात खऱ्या मातीचे पाइप करणारे आहेत, पण टपालखर्च आणि जकात धरली की एका पाइपात आमच्या चार पगड्या होतात, आणि वाटेत नळी मोडायची ती मोडतेच.

शिंद्यांच्या डेऱ्यासाठी हुक्का हवा होता. त्यासाठी संभाजीनगरला गेले. हिमरू आणि बिदरीची दुकानं तिथे भरपूर, पण पारखून घ्या. एका दुकानात ‘मॅडम, निजामाच्या काळातला पीस आहे’ म्हणून जो दिला, त्याच्या बुडाशी नख घासलं तर काळा रंग नखात आला. खऱ्या बिदरीचा काळा रंग लावलेला नसतो. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, नक्षीत चांदी ठोकतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात ते काळं करतात. धातू काळा पडतो, चांदी पांढरी राहते. दुसऱ्या दुकानात असा खरा हुक्का मिळाला, उचलताच वजन कळतं. त्याचा आकारही बघा. मडक्यासारखा गोल, खाली चुंबळ लागणारा हुक्का सतराव्या शतकातला. आपल्या प्रयोगाला घंटेसारखा, बूड पसरट असलेला पाहिजे. विकत घेणं आमच्या ऐपतीबाहेर, पण दुकानदाराने डिपॉझिट घेऊन भाड्याने दिला आणि परत करताना एक रुपया कापला नाही. या दुकानाबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण खरं कौतुक भोकरदनच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या कुंभारमामांचं. चिलमी तर त्यांच्या हातच्याच. आतला खडासुद्धा ते स्वतः बसवून देतात, जळती तंबाखू तोंडात येऊ नये म्हणून. छापीचं, म्हणजे ओढताना चिलमीच्या बुडाला गुंडाळायचं, फडकं मात्र आपलं आपण आणायचं. पाइपाचं चित्र दाखवलं तर मामा म्हणाले, “ताई, ही तर मान मोडलेली चिलीम हाय!”

मान मोडलेली असली तरी करायला अवघड. अडचण नळीची. त्या काळच्या पाइपाचं भोक जेमतेम दीड-दोन मिलीमीटरचं असतं. इंग्रज कारागीर मातीच्या वळीत तार खुपसून मग ती साच्यात दाबत. मामांनी सायकलचा स्पोक घेतला, त्याला गोडेतेल लावलं आणि माती स्पोकभोवतीच वळली. स्पोक काढायची वेळ महत्त्वाची: माती ओली असेल तर भोक बुजतं, जास्त सुकली तर आवळून तडकते. मामा नळीला ओठ लावून बघायचे, गार लागली की अजून थांबायचे. ते कोमट-गार कसं ओळखायचं, हे मला अजून जमलेलं नाही.

गावची माती भाजून लाल होते, म्हणून पांढरी माती मी पुण्याहून मागवून दिली. उघड्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, धुराचे डाग पडले असते, तर मामांनी पाइप मडक्यात ठेवून वर झाकणी लिंपली. निघाले ते दुधासारखे नाहीत, थोडे पिवळट. चालतात. पाइप दीडशे रुपये, चिलीम चाळीस. नळी जाड झालीय, हे मी त्यांना सांगितलंय, पण मैदानात धावणाऱ्या पोरांच्या हातात पातळ नळी टिकणारही नाही.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. काडेपेटी नको, घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडमध्ये १८२७ साली विकायला आल्या. चकमक आणि निखारा ठेवा. आम्ही तंबाखू भरत नाही, धूप टाकतो. आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्या हाती पाइप देऊ नका, त्याला धूम्रपानाचा तिटकारा होता.

ऑर्डर मृगाच्या आधी द्या. पावसात आवा लागत नाही, उघडीप मिळाली की मामा पोळ्याच्या बैलांना लागतात, मग नवरात्राचे घट, मग पणत्या. प्रयोग सप्टेंबरात आहे म्हणून ऑगस्टात गेलात तर हात हलवत परत याल. अर्धे पैसे आगाऊ घेतात, पावती देत नाहीत, आणि फोन मुलगा उचलतो, तोही संध्याकाळी सातनंतर.