ताकूबा घेताना: विलायती पात्याची की स्थानिक भट्टीतली?

सहारा वाळवंटातील तुआरेग लोकांची ताकूबा ही तलवार संग्रहात असावी असे मनाने घेतले, की निवड लवकरच दोन प्रकारांवर येऊन ठेपते. एका प्रकारात जुन्या युरोपीय पात्याला सहारातील कारागिराने मूठ चढवलेली असते आणि दुसऱ्यात मूठ व पाते दोन्ही तिथल्याच भट्टीतले असतात. फ्रान्समधील वास्तव्यात मी दोन्ही तलवारी काही महिने घरी ठेवून पाहिल्या आणि अखेरीस एकच ठेवली.

विलायती पात्याची ओढ मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्या ‘फिरंग’ तलवारीचे नावच त्या ओढीची साक्ष देते. जर्मन प्रवासी हाइनरिश बार्थ 1850 मध्ये आजच्या नायजरमधील अगदेझला आणि पुढच्या वर्षी आजच्या नायजेरियातील कानोला पोहोचला, तेव्हा जर्मनीतील झोलिंगेनची पाती कानोत येत असल्याची आणि तिथे त्यांना मुठी बसवल्या जात असल्याची नोंद त्याने केली. माझ्याकडे आलेले तसे पाते हलकेच वाकवून सोडले, की क्षणात सरळ होई, आणि हातात घेतल्यावर तलवारीचे वजन जाणवतच नसे. त्यापुढे स्थानिक तलवार मनगटाला जड वाटते, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही माझे मन वळले ते एका शिक्क्यामुळे. त्या पात्यावर परस्परांकडे तोंड केलेल्या दोन अर्धचंद्रांपैकी एक पूर्ण दिसत होता आणि दुसरा निम्मा परजेखाली, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या पट्टीखाली, गेला होता. विक्रेत्याने तो युरोपीय शिक्का असल्याची खात्री दिली होती. पण हे चंद्र आणि युरोपीय पात्यांवरचा धावत्या लांडग्याचा शिक्का सहाराच्या परिसरातले लोहारही शतकानुशतके ठोकत आले आहेत, त्यामुळे निम्म्या चंद्रावरून काहीच ठरत नव्हते. पुढे कित्येक संध्याकाळी मी भिंग घेऊन त्या चंद्रापाशी बसत असे आणि दर वेळी तीच शंका घेऊन उठत असे. निकाल लावायचा तर परजेवरचे चामडे उसवण्यावाचून मार्ग नव्हता. एकदा मी टोचा हातात घेतलाही, पण अंगठा टेकतो त्या जागी घामाने काळे आणि गुळगुळीत झालेले चामडे पाहून तो परत ठेवला.

कारण ताकूबाचा खरा अर्थ, माझ्या समजुतीप्रमाणे, त्या चामड्यातच आहे. लोखंडात अपायकारक शक्ती वसते अशी तुआरेगांची जुनी धारणा आहे, म्हणून उच्चकुलीन इमाजेघेन उघड्या लोखंडाला हात लावणे टाळत आणि आगीचे व धातूचे काम इनादान या लोहार-कारागीर वर्गाकडे असे. परज आणि मूठ चामड्याने किंवा पितळेने मढवण्याची रीत या धारणेशी जोडली जाते. (परजेचा क्रुसासारखा आकार पाहून युरोपीयांनी धर्मयुद्धातील सरदारांशी लावलेले नाते निराधार आहे, एवढे सांगून तो विषय सोडतो.) पाते युरोपचे आहे हे सिद्ध करण्यासाठी तलवारीचे तुआरेगपणच उसवावे लागणार, ही गोष्ट मला सोसेना, आणि मी ती तलवार परत केली.

दुसरी तलवार मी नायजरची राजधानी नियामे येथील राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात काम करणाऱ्या एका कारागिराकडून घेतली होती. पाते ट्रकच्या पाट्यापासून घडवले आहे, हे त्याने मी विचारण्याआधीच सांगितले. त्यावरचे दोन्ही चंद्र त्याने स्वतःच्या छिन्नीने ठोकले होते आणि डावा चंद्र केसभर वर गेला होता, तोही त्याने बोट ठेवून दाखवला.

अशा तलवारीला इतिहास नाही असे म्हणणाऱ्यांशी मी आदरपूर्वक असहमत आहे. 7 मे 1902 रोजी आजच्या अल्जीरियातील तीत येथे केल अहग्गार, म्हणजे अहग्गार प्रदेशातले तुआरेग, फ्रेंच तुकडीच्या बंदुकांपुढे पराभूत झाले. शस्त्र म्हणून ताकूबाचे दिवस सरत चालले होते, तरी ती घडवणे थांबले नाही, कारण पुरुषाच्या पेहरावातले आणि मानातले तिचे स्थान टिकून होते. अल्जीरियातील जानेत येथे सबीबा उत्सवात पुरुष आजही तलवारी घेऊन नाचतात, आणि युनेस्कोने 2014 मध्ये त्या उत्सवाची नोंद अमूर्त वारशात केली आहे. गेल्या शतकातली ही वाटचाल स्थानिक पात्यात जितकी स्पष्ट दिसते, तितकी झोलिंगेनच्या पात्यात मला दिसली नाही.

युरोपीय पात्यांचाच अभ्यास करायचा असेल तर अर्थातच पहिला प्रकार घ्यावा, मात्र दोन्ही शिक्के परजेबाहेर पूर्ण दिसत असतील तरच. दुसऱ्या प्रकारात पर्यटकांसाठी पातळ पत्र्याची पाती बसवलेल्या तलवारीही मिळतात. मूठ धरून हलवल्यावर त्या परजेपाशी खडखडतात. तलवार भारतात न्यायची असेल तर परवान्याचे नियम आधी पाहावेत, आणि मुंबई-कोकणच्या हवेत ती म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि पाते आतल्या आत गंजते.