नोकरी असूनही फूड बँकेत गेले, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

आधी एकच सांगते, नोकरी असली की फूड बँकेची, म्हणजे गरजूंना फुकट किराणा-अन्न देणाऱ्या केंद्राची, मदत मिळत नाही हे डोक्यातून काढून टाका. मी स्वतः ५ महिने याच समजुतीत काढले. रोज शिफ्ट करते, महिन्याला पगार होतो, मग आपण कुठल्या तोंडाने त्या रांगेत उभं राहायचं, ती जागा ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांची, असं वाटायचं. आणि इकडे भाडं, वीज, जाण्यायेण्याचा खर्च गेला की जे उरायचं त्यात महिन्याचे शेवटचे दिवस निघतच नव्हते. भाडं अर्धं देता येत नाही, तिकीट अर्धं काढता येत नाही, कमी करता येतं ते फक्त ताटातलं. म्हणून पोटाला चिमटा. मी तर शिफ्टमधलं जेवणच बंद केलेलं, कुणी विचारलं की भूक नाही सांगायचे.

शेवटी सोबत काम करणारी एकजण बोलली, अगं मी वर्षभर जातेय, चल माझ्याबरोबर. ती बोलली नसती तर मी गेलेच नसते हे खरं.

त्याआधी एकदा मी एकटीच दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन परत आलेले, ते पण सांगायला हवं. तिथे उत्पन्नाची मर्यादा होती आणि त्यांनी पगाराच्या स्लिपवरचा वरचा आकडा धरला, म्हणजे कापाकापी व्हायच्या आधीचा, आणि नेमका त्या महिन्यात मी ओव्हरटाइम केलेला त्यामुळे थोडक्यासाठी मर्यादेच्या वर गेले आणि नाही म्हणाले. हातात किती येतात ते कुणी विचारलंच नाही. खूप वाईट वाटलं, जास्त काम केलं म्हणून जेवण नाही असं झालं ना. तेव्हा जिथे कागद मागतात तिथे एका महिन्याची नाही, ३ महिन्यांच्या स्लिपा आणि भाड्याची पावती न्या, आणि कुठला आकडा धरता हे आधी फोनवरच विचारा.

आता जिथे जाते तिथे असलं काही नव्हतं. नाव, पत्ता, घरात किती माणसं, बस. फॉर्मवर 'सध्या काम करता का' असा रकाना होता, तिथे हो लिहिताना हात अडखळला, तर टेबलवरची बाई म्हणाली, ताई लिहा बिनधास्त, सकाळपासून निम्मे लोक कामावरूनच आलेत. मला एकदम रडूच आलं तिथे.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे इथे बांधलेलं पाकीट हातात देत नाहीत, रॅकवरून आपण निवडायचं. घरात माणसं किती त्यावर किती वस्तू घ्यायच्या ते ठरतं पण कुठल्या घ्यायच्या ते आपण ठरवतो. आमच्याकडे एकाला डायबेटिस आहे, तयार पाकिटातलं निम्मं आम्हाला चाललं नसतं आणि वाया गेलं असतं. तिघांना साधारण ६ दिवस पुरलं. त्यातून वाचलेले पैसे थकलेल्या वीजबिलात गेले, म्हणजे मदत अन्नाची पण सुटका दुसरीकडची झाली. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर पण असतात कधीकधी, रॅकवर दिसत नाहीत, मागावे लागतात.

तारखा बघून मी आधी दचकले, काही डब्यांवरची उलटून गेलेली. विचारल्यावर नीट समजावलं. बेस्ट बिफोर ही चवीची, दर्जाची तारीख, ती उलटली म्हणून माल लगेच खराब होत नाही. यूज बाय वेगळी, ती उलटली की खायचंच नाही, आणि तसलं ते ठेवतही नाहीत. हा माल बराचसा दुकानं आणि कंपन्यांकडे शिल्लक राहिलेला असतो. मुळात फूड बँक सुरूच त्यातून झाली, १९६७ साली अमेरिकेत फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली काढली, दुकानांत टाकून दिला जाणारा चांगला माल जमवून ठेवायचा आणि गरजूंपर्यंत पोचवायचा म्हणून. म्हणजे आपण घेतलं म्हणून दुसऱ्याच्या तोंडचं गेलं असं समजू नका, यातलं बरंच कचऱ्यात गेलं असतं.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. आठवड्यातून ३ दिवस, सकाळी १० ते १. काम करणारा माणूस १० वाजता कामावर असतो हे कुणाच्या डोक्यात कसं येत नाही? संध्याकाळचं वाटप महिन्यातून एकदाच आणि त्या दिवशी एवढी गर्दी की शेवटच्यांना ताजी भाजी उरत नाही. मी हे तिथे बोलून पण दाखवलं. तोपर्यंत उपाय एकच, आपली सही असलेली चिठ्ठी देऊन दुसऱ्या कुणाला पाठवता येतं, मी एकदा शेजारणीला पाठवलेलं, काही अडचण आली नाही. पण हे कुठे लिहिलेलं नाही, विचारल्यावरच कळतं.

अजून एक, सगळीकडे पद्धत सारखी नसते. काही ठिकाणी फूड बँक म्हणजे नुसतं गोडाऊन, माल तिथून छोट्या केंद्रांना जातो आणि आपल्याला केंद्रावर जायचं असतं. ब्रिटनमध्ये बऱ्याच फूड बँकांना डॉक्टरची किंवा सल्ला केंद्राची वगैरे शिफारस लागते, अमेरिकेत २११ वर फोन केला की जवळचं केंद्र सांगतात. म्हणून थेट जाऊन हेलपाटा घालू नका, फोन करा. आणि घरातलं सगळं संपेपर्यंत थांबू नका, पहिल्या नोंदणीला कधीकधी दिवस जातात.

पिशव्या मजबूत न्या, डब्यांचं वजन खूप होतं. एकटीने जायला जड वाटत असेल तर ओळखीचं कुणी सोबत घ्या, मी आता कामावरच्या दोघींना घेऊन जाते, येत्या बुधवारी तिसरी येतेय.